खुंट गावरान, फांदी मेहरूणची

धुळ्याला देवपूरमधल्या तुझ्या नव्या घरामागे जी जुनी गावरान बोर उभी आहे, ती तोडू नकोस, पोरी. बांधकामवाला म्हणतोय तिथे फरशी घालू, आणि तुला हवंय एकाच झाडावर चार जातींची सफरचंदं लागणारं कलम. दोन्ही विचार आठवडाभर बाजूला ठेव आणि मामाचं ऐक. एका झाडावर चार जाती ही हौस चांगलीच आहे. ती पुरी करायला लागणारं निम्मं झाड तुझ्या परसात आधीच उभं आहे, खोल गेलेल्या मुळासकट.

सफरचंदाचं आधी सांगून टाकतो. सफरचंदाला थंडीतली झोप लागते. डोंगरातल्या नावाजलेल्या जातींना हिवाळ्यात 7 अंशांच्या खाली हजारभर तास काढावे लागतात, तेव्हा कुठे वसंतात डोळे नीट फुटतात. धुळ्याला पौषात पहाटे हुडहुडी भरते, पण दुपारी स्वेटर काढून ठेवावा लागतो. हिमाचलच्या बिलासपूर जिल्ह्यात हरिमन शर्मांनी कमी थंडीत येणारी एचआरएमएन-99 ही जात पुढे आणली. इस्रायलची अ‍ॅनाही तशीच. हौशी माणसं ती झाडं सपाटीवर लावतात आणि फळंही घेतात, त्यांचं मला कौतुक आहे. तरी आपल्या वैशाखातले त्या झाडांचे हाल बघवत नाहीत. बोरीचं नेमकं उलट. ती उन्हाळ्यात झोपते. चैत्र सरता सरता पानं गाळते, पारा 44-45 वर असताना नुसत्या काड्यांनिशी उभी राहते आणि पाऊस पडला की फुटते. जी हवा आपल्याला नको नको करते, तीच तिच्या विश्रांतीची. खानदेशात परसातलं झाड निवडायचं तर मी एवढी एकच गोष्ट आधी बघतो.

आता एका खोडावर अनेक जाती. यात जादू काही नाही. उत्तर प्रदेशात मलिहाबादला कलीमुल्ला खान यांनी एकाच आंब्यावर तीनशेहून जास्त जातींची कलमं बांधली, त्यांना 2008 साली पद्मश्री मिळाली. अमेरिकेत सॅम व्हॅन एकन नावाच्या कलावंताने एका झाडावर चाळीस प्रकारची फळं आणली. पण नीट पाहिलंस तर तिथेही पीच, आलुबुखार, जर्दाळू, बदाम, चेरी अशी सगळी एका गोतातलीच मंडळी आहेत. गोताबाहेर कलम जुळत नाही. ज्या गावच्या बोरी त्याच गावच्या बाभळी खऱ्या, पण बोरीचा डोळा बाभळीवर बसणार नाही. बोरीवर बोरच भरायची. गावरान बोरीचा खुंट तर या कामाला सोन्यासारखा. सोटमूळ खोल, दुष्काळाला दाद न देणारा, आणि कुठल्याही कलमी बोरीचा डोळा धरणारा. बोरीचं मोठं रोप उपटून दुसरीकडे लावलं तर ते सोटमूळ तुटतं आणि झाड रुसतं. म्हणून जाणते लोक जागेवर बी लावून तिथेच डोळा भरतात. तुझ्याकडे तर वर्षानुवर्षं वाढलेलं मूळ आयतं आहे.

फांद्या कुठल्या निवडायच्या? पहिली मेहरूण, यात मी दुसरं मत ऐकणार नाही. जळगावच्या मेहरूण तलावाच्या आसपासची ही बोर. फळ लांबट, टोकाकडे निमुळतं, साल पातळ. शहर वाढत गेलं, प्लॉट पडले, तशी त्या भागातली जुनी झाडं कमी होत गेली. जळगावचं नाव केळीने देशभर गेलं हे खरं, पण थंडीत जळगावकराला जी आठवण येते ती या बोरांची. ज्या घरात तिची एक फांदी वाढते त्या घरात ती जात जिवंत राहते. मेहरूणचं बोर खाऊन आठळी पुरली की मेहरूणच उगवेल असं मात्र समजू नकोस. आठळीतून येणारं रोप आईबापांपैकी कुणावर जाईल ते सांगता येत नाही, बहुधा ते रानाकडेच झुकतं. जात हवी असेल तर डोळाच आणावा लागतो.

दुसरी उमराण. मोठं, सोनेरी पिवळं, पुढे चॉकलेटी होणारं फळ, उशिरा येतं आणि तोडल्यावर टिकतं. तिसरी अ‍ॅपल बोर. तुझी सफरचंदाची हौस नावापुरती का होईना इथे भागेल! ही थायलंडकडची, गेल्या दहा-पंधरा वर्षांत आपल्याकडे पसरली. हिरवंगार, गुळगुळीत, करकरीत फळ, काटे कमी. चवीला ती मला पाणचट वाटते, पण तुझ्या मुलांना आवडेल आणि पहिल्याच वर्षी फळ दाखवेल. आणि चौथी फांदी? ती गावरानच राहू दे. बोरकूट करायला, मीठ-तिखट लावून उन्हात वाळवायला, संक्रांतीनंतर लेकराच्या बोरन्हाणाला ती आंबटगोड बारकी बोरंच लागतात. शिवाय तिचा दुसरा उपयोग आहे. बोरीच्या कित्येक जातींना स्वतःचा पराग चालत नाही, दुसऱ्या जातीचा लागतो. काही जातींची फुलं सकाळी उमलतात, काहींची दुपारी. चार जाती शेजारी असल्या की माश्या, मुंग्या, गांधीलमाश्या हा व्यवहार आपोआप करतात. एकटी उमराण लावून फळ धरत नाही म्हणून कुरकुरणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांच्या झाडाला शेजार नव्हता, एवढंच.

डोळकाडी कुठून घ्यायची ते आताच ठरव. बोर डिसेंबर-जानेवारीत चाखायची, झाड तेव्हाच हेरायचं, फांदीला चिंधी बांधून ठेवायची आणि मालकाला सांगून ठेवायचं. पावसाळ्यात सगळ्या बोरी सारख्याच हिरव्या दिसतात, आणि कुणीतरी सांगितलं म्हणून आणलेल्या काडीतून काय निघेल ते तीन वर्षांनी कळतं. मेहरूणचं झाड मी हेरलेलं आहे, ती काडी मी आणीन. उमराण आणि अ‍ॅपल बोर खात्रीच्या रोपवाटिकेतून घेऊ.

काम सुरू होतं आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. तू माहेरी येशीलच, त्याच्या आगेमागे झाडाचा शेंडा उतरवायचा. जमिनीपासून छातीइतक्या उंचीवर तीन-चार जाड फांद्या चहूदिशांना राखायच्या आणि त्या हातभर ठेवून करवतीने कापायच्या. काप तिरका हवा, पाणी साचू नये. आधी खालून थोडी खाच घ्यायची, मग वरून करवत चालवायची, म्हणजे पडताना फांदी खोडाची साल ओढत नेत नाही. कापलेल्या तोंडांना बोर्डो पेस्ट लावायची. उघड्या पडलेल्या खोडाला चुन्याचा हात द्यायचा, कारण कालपर्यंत सावलीत असलेली ती साल मेच्या उन्हात भाजून तडकते. आणि एक फांदी, गावरान ठेवायची तीच, पानांसाठी तशीच सोडायची, थोडी आखूड करून. सगळं डोकं एकदम उडवलं तर एवढ्या मोठ्या मुळाला जेवण कोण देणार? पहिलं वर्षभर ती फांदी बाकीच्यांची दाई असते.

महिन्याभरात कापाखाली फुटव्यांचा गुच्छ येईल. सगळे हवेहवेसे वाटतील. दर फांदीला दोन, फार तर तीन राखायचे, बाहेरच्या अंगाचे, जोमदार. बाकीचे कोवळे असतानाच बोटाने मोडायचे. कात्रीने कापले तर बुंध्याशी डोळे उरतात आणि पुन्हा फुटतात. राखलेला फुटवा पेन्सिलीएवढा जाड झाला की डोळा भरायला तयार.

डोळे श्रावणातल्या कानबाईच्या सणाच्या आत भरायचे. आषाढ-श्रावणात रस चढलेला असतो, साल लाकडापासून सहज सुटते. सुटते की नाही हे आधी एका टाकाऊ फुटव्यावर चाकू लावून बघायचं. साल चिकटून बसली असेल तर त्या दिवशी काम बंद, झाडाला पाणी द्यायचं आणि चार दिवसांनी पुन्हा बघायचं. काडी सकाळी घ्यायची, याच हंगामातली, गोल भरलेली, डोळे फुगलेले पण न फुटलेले. पानं लगेच कापायची, फक्त देठ ठेवायचा. ओल्या गोणपाटात गुंडाळून, सावलीत. जळगावहून एरंडोल-पारोळ्यावरून धुळ्याला बसने यायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात तिला काही होत नाही, मात्र काडी आली त्याच दिवशी डोळा बसला पाहिजे.

आता हे नीट वाच. फुटवा निघतो तिथून वीतभर अंतरावर, गुळगुळीत जागा बघून, सालीला आडवा काप द्यायचा, त्याच्या मधून खाली बोटाच्या दोन पेरांएवढा उभा काप. काप फक्त सालीचा, लाकडाला चाकू रुतवायचा नाही. चाकूच्या बोथट टोकाने दोन्ही पाळ्या हलके उचलायच्या. मग काडीवरून डोळा काढायचा: डोळ्याच्या खालून चाकू घालून वरपर्यंत ढालीच्या आकाराची साल, देठासकट. मागे लाकडाचा कपचा आला असेल तर तो नखाने अलगद सोडवायचा. आतली बाजू ओली, चकचकीत दिसेल. तिला बोट लागता कामा नये, सगळी सोयरीक तिथेच जुळते. देठ धरून ढाल वरून खाली सरकवायची, वरचं टोक आडव्या कापाला चिकटेल असं कापायचं. डोळ्याचं तोंड वर आहे ना हे एकदा बघायचं, उलटा बसलेला डोळा कुढत वाढतो. मग प्लॅस्टिकची पट्टी खालून वर गुंडाळत न्यायची, प्रत्येक वेढा खालच्या वेढ्यावर थोडा चढलेला, कौलं घालतात तशी, म्हणजे पावसाचं पाणी आत शिरत नाही. डोळा आणि देठ उघडे ठेवायचे. काप दिल्यापासून पट्टी बांधेपर्यंत मिनिटापेक्षा जास्त वेळ जाऊ नये. हात बसेपर्यंत टाकाऊ फुटव्यांवर सराव कर, त्याला कमीपणा नाही.

डोळा फुटव्याच्या पश्चिमेच्या अंगाला भरायचा. आषाढातला आपला वारा तुला माहीत आहे. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या माळावर पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. वाऱ्याच्या अंगाला असलेला डोळा फुटला की वारा त्याला खुंटावर दाबतो. पाठीमागच्या बाजूला असेल तर ओरबाडून काढतो. बोरीचा नवा फुटवा सांध्यापाशी पहिलं वर्षभर कच्चा असतो, हातभर झाला की बांबूची कामटी लावून सैल बांधायचा.

पंधरवड्याने देठाला बोटाने हात लावायचा. टपकन गळाला तर डोळा धरला. माझे आबा तेव्हा मान हलवून एवढंच म्हणत, "डोया जित्ता शे." देठ काळा पडून चिकटून बसला असेल तर तो डोळा गेला, त्याच फुटव्यावर दुसऱ्या बाजूला पुन्हा भर. म्हणूनच दर फांदीला दोन फुटवे राखायला सांगितले. धरलेल्या डोळ्याच्या वरचा फुटवा एकदम कापू नकोस. आधी तो चिरून एका बाजूला वाकव, डोळा बोटभर फुटला की मग त्याच्या जरा वर कापून टाक. पट्टी पोळ्यापर्यंत सोडायलाच हवी. विसरलीस तर ती फुगत्या सालीत रुतते आणि पहिल्या जोराच्या वाऱ्यात फांदी तिथेच मोडते.

त्याच दिवशी प्रत्येक फांदीला जातीची खूण कर. पत्र्याची चकती सैल तारेत अडकव, तार दरवर्षी ढिली कर. शिवाय बुंध्याशी रंगाचा पट्टा ओढ, कारण चकती हरवते. आणि वहीत झाडाचं चित्र काढून ठेव, कुठल्या दिशेला कोण. पुढे छाटणी दुसऱ्या कुणाच्या हाती गेली तर ही खूणच मेहरूणला वाचवेल.

इथपर्यंतचं काम एका पावसाळ्याचं. खरं काम त्यानंतर दरवर्षी आहे, आणि ते कुणी सांगत नाही म्हणून मी जरा पसरून सांगतो. चार जातींची ताकद सारखी नसते. अ‍ॅपल बोर आणि उमराण दांडग्या. गावरान तर घरचीच, मुळाशी तिचं रक्ताचं नातं. कुणी लक्ष दिलं नाही तर चार-पाच वर्षांत या तिघी वर जाऊन आडव्या पसरतात आणि मेहरूण सावलीत पिवळी पडत वाळते. चार जातींवरून दोनवर आलेली झाडं बहुतेक अशीच आलेली असतात. कलम नीट जुळलेलं असतं, नंतरची राखण झालेली नसते.

म्हणून जागा वाटतानाच विचार करायचा. मधली, सरळ वर जाणारी, भरपूर ऊन मिळणारी फांदी सगळ्यात नाजूक जातीला. दांडग्या जाती खालच्या, बाहेर झुकलेल्या फांद्यांवर. गावरान सर्वात खाली, उत्तरेला. झाड रस वरच्या टोकाकडे जास्त ओढतं, त्याचा फायदा अशक्ताला मिळावा.

मग आखाजीची छाटणी. बोरीला फळ येतं ते त्याच वर्षी फुटलेल्या नव्या काडीवर, पानाच्या बेचक्यात. त्यामुळे दरवर्षी छाटलीच पाहिजे. न छाटलेली बोर काट्यांचं जाळं होते आणि बोरं वाटाण्याएवढी राहतात. गेल्या वर्षीच्या काड्या सहा-आठ डोळे ठेवून मागे घ्यायच्या, हा सर्वसाधारण नियम. पण दांडग्या फांदीला तो सरसकट लावू नकोस. तिच्या सगळ्या काड्यांचे शेंडे छाटलेस तर ती चिडून दुप्पट फुटते. तिच्या निम्म्या काड्या बुडापासून काढून टाकायच्या आणि उरलेल्या बाहेर वळवायच्या. श्रावणात तिचे शेंडे पुन्हा खुडायचे. फळ मात्र तिला भरपूर धरू द्यायचं, ओझ्याने तिची वाढ आपोआप आवरते. मेहरूणचं याच्या उलट: काड्या विरळ काढायच्या, पानं जास्त राखायची आणि पहिली दोन वर्षं बारकी फळं हाताने खुडून टाकायची. मन होणार नाही, मला माहीत आहे. पण त्या दोन वर्षांत फांदी मनगटाएवढी झाली की नंतर ती कुणाला हटत नाही.

गावरान फांदी सोडून बाकी कुठेही, सांध्याच्या खाली फूट दिसली की ती खुंटाची. पान लहान, गोलसर, खालून पांढुरकी लव, काटे वाकडे आणि जास्त. दिसेल तिथे लगेच मोडायची. पावसाळ्यात दर आठवड्याला चहाचा कप हातात घेऊन झाडाभोवती एक फेरी मारलीस तरी पुरे.

पाण्याचं थोडक्यात. उन्हाळ्यात बोर निष्पर्ण झाली की शेजारीपाजारी म्हणतील वाळली, पाणी घाल. घालू नकोस. आबा म्हणायचे, "झाडले इसावा दे." फळं तोडून झाल्यापासून पाऊस पडेपर्यंत तिला पाणी नको. डोळे भरताना साल सुटावी म्हणून लागलं तर द्यायचं, आणि फळ पोसायच्या वेळी, दिवाळीनंतर, पंधरा दिवसांच्या अंतराने दिलं तर बोर मोठं होतं. तुझ्याकडची जमीन काळी आहे, आळ्यात पाणी साचू देऊ नकोस.

दुखणी तीन. रात्री गार होऊ लागल्या की कोवळ्या फळांवर भुरी येते, पांढरं पीठ शिंपडल्यासारखी. पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला 2 ग्रॅम, सकाळी किंवा ऊन उतरल्यावर, दोन आठवड्यांनी पुन्हा एकदा. फळमाशी हे मोठं दुखणं, कारण तुझ्या झाडावर लवकरचं आणि उशिराचं फळ दोन्ही असणार, माशीला लांब मुक्काम मिळतो. तिची अळी फळातून जमिनीत उतरते आणि मातीत कोश करते. त्यामुळे पडलेलं बोर रोज उचलायचं आणि पाण्यात बुडवून ठेवायचं. खड्ड्यात नुसतं टाकलं तर माशी तिथेच निपजते. मे महिन्यात झाडाखालची माती कुदळीने वरखाली केली की कोश उन्हात मरतात. फांदीच्या बेचक्यात लाकडाच्या भुश्याची जाळी दिसली तर ती साल खाणारी अळी. जाळी झाडून छिद्रात तार घालायची.

राहिले पोपट. त्यांना वरच्या शेंड्याची बोरं सोडून दे, तिथे तुझा हातही पोचणार नाही. छाटलेल्या काट्या फेकू नकोस, मागच्या पडक्या कुंपणावर रच. पाला शेजारच्या शेळीवाल्याला दे. आखाजीला येशील तेव्हा बांधकामवाल्याला सांगून ठेव की झाडाच्या बुंध्यापासून चार हात फरशी नको, आणि घरातली धारदार करवत बरोबर आण. माझ्या करवतीचे दात गेले आहेत.